फडताळातल्या साखरेची नावं

साठ-सत्तरच्या दशकांत लहानाचे मोठे झालेले आपण सगळे साखर मागून खाल्लेली माणसं आहोत. कुणाच्या घरी साखरेचा डबा फडताळाच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात असे, कुणाच्या घरी त्याला कुलूप असे, कुणाच्या घरी तो पाण्याच्या ताटलीत उभा असे, म्हणजे मुंग्यांची वाट बंद. साखर रेशनकार्डावर मिळायची, माणशी मोजून. दुकानाला काही घरं ‘रेशन’ म्हणत, काही ‘कंट्रोल’, रांग एकच. सरकारने 1967 नंतर कारखान्यांच्या साखरेचे दोन वाटे केले होते. एक लेव्हीचा, तो स्वस्तात रेशनवर यायचा; दुसरा खुल्या बाजारात, आणि त्याचा भाव ऐकूनच बायका पिशवीची घडी मोडत नसत. मधे एखाददोनदा खंड पडला, तरी ही लेव्ही थेट 2013 पर्यंत टिकली. सणासुदीला सरकारने जादा साखर जाहीर केली की ती वर्तमानपत्रातली बातमी असे, आणि आई ती मोठ्याने वाचून दाखवत असे.

पाहुणा अवेळी आला की शेजारी वाटी पाठवायची. गेलेली वाटी सपाट भरून यायची आणि परतफेडीची शिगोशीग भरून जायची. हा नियम कुणी कुणाला शिकवला नव्हता, पण गिरगावातल्या आमच्या चाळीत तो मोडलेला मी पाहिला नाही.

याच वाटीने मला पहिल्यांदा कळलं की साखरेला एक नाव नाही. शेजारच्या बा गुजराती. आईने एकदा मला त्यांच्याकडे साखर आणायला पिटाळलं. बांनी वाटीभर खडीसाखर दिली, पांढरीशुभ्र, दोऱ्यावर धरलेली. मी खूश; चहाचं आधण उकळत ठेवून बसलेली आई मात्र चक्रावली. गुजरातीत ‘साकर’ म्हणजे खडीसाखर. आपण जिला साखर म्हणतो ती त्यांची ‘खांड’. आणि बांच्या घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाई तिला ‘मोरस’ म्हणायच्या. त्या शब्दाकडे पुढे येते, कारण त्यात आपल्या माणसांचे हात अडकलेले आहेत.

आमच्या घरात तर सुना आणि लेकी चार दिशांना पांगलेल्या. धाकटी काकू गोव्याची. ती ‘गोड’ मागायची तेव्हा तिला गूळ हवा असायचा; कोकणीत गुळाचं नावच गोड. तिच्या माहेरून माडाचं गोड यायचं, काळं, किंचित धुरकट वासाचं, आणि ते आलं की आजीच्या पातोळ्यांची चव बदलायची. आत्या धारवाडला दिलेली, ती सुट्टीत आली की ‘सक्करे’ आणि ‘बेल्ल’ तोंडात. मामी इंदूरची, मराठीच, पण तिथल्या हिंदीत वाढलेली. तिची साखर म्हणजे ‘चीनी’ किंवा ‘शक्कर’, आणि खडीसाखर म्हणजे ‘मिश्री’. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच आठवड्यात तिने प्रसादाला मिश्री आहे का असं विचारलं तेव्हा आजी दचकली होती. आमच्याकडे मिश्री म्हणजे दाताला लावायची भाजलेली तंबाखू.

स्वयंपाकघर एकच, सामानही एकाच दुकानातलं, आणि नावं मात्र पाच भाषांतली. आमच्या पिढीतल्या किती घरांत हे असंच असेल! पोरांना त्यात काही विशेष वाटत नव्हतं. काकूने गोड मागितलं की गुळाचा डबा द्यायचा, मामीने शक्कर म्हटलं की साखरेचा. शब्दांमागे एवढा मोठा प्रवास आहे हे पुष्कळ नंतर, वाचायला लागल्यावर उलगडलं.

मूळ शब्द संस्कृत ‘शर्करा’. त्याचा आधीचा अर्थ गोड असा काहीच नाही. शर्करा म्हणजे वाळूचे खडे, रेतीचे कण. आयुर्वेदात मूत्रमार्गातल्या खड्याच्या कणांनाही शर्करा म्हणतात. उसाचा रस आटवून, निथळून हाती असा दाणा लागला की जो रेतीसारखा दाताखाली कुरकुरतो, तेव्हा त्याला कुणीतरी हे नाव दिलं. प्राकृतात त्याचं ‘सक्करा’ झालं, मराठीत ‘साखर’. दुसरा शब्द ‘खंड’, म्हणजे तुकडा. आणि तिसरा ‘गुड’, आपला गूळ. आजच्या जगातली साखरेची बहुतेक नावं या तिघांच्याच पोटची आहेत.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारात काय काय ठेवावं याची यादी आहे. तिथे उसाच्या रसापासून होणारे पाच पदार्थ ओळीने येतात: फाणित, गुड, मत्स्यंडिका, खंड आणि शर्करा. फाणित म्हणजे आटवलेला दाट रस, आपल्या काकवीच्या जवळचा. मत्स्यंडिका या शब्दात माशाची अंडी आहेत. गाभोळीसारखे बारीक दाणे ज्यात दिसू लागतात ती. मला ही यादी पहिल्यांदा वाचताना आजीचं फडताळ आठवलं. तिथेही हाच क्रम होता. बरणीत काकवी, फडक्यात गुंडाळलेला गूळ, पत्र्याच्या डब्यात साखर, काचेच्या बरणीत दिवाळीसाठी दळलेली पिठीसाखर, आणि देवघरातल्या चांदीच्या वाटीत खडीसाखर. रस एकच, तो जिथे जिथे थांबला, तिथे त्याला वेगळं नाव मिळालं.

तो कुठे आणि कसा थांबतो हे आम्ही पोरांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे, कारण आजोळ कोल्हापूरजवळ, पंचगंगेच्या काठाला. दिवाळी उलटली की गुऱ्हाळं पेटायची. चरकातून हिरवट रस गळत यायचा, तो भल्या मोठ्या काहिलीत पडायचा. खाली चुलवाण, आणि त्याच्या तोंडाशी बसलेला जळव्या वाळलेली चिपाडं सतत आत सारत असायचा. एक हात थांबला तर आच पडणार. वर गुळव्या. रस तापला की त्यात भेंडीच्या झाडाचा चिकट चीक कालवलेलं पाणी टाकायचे. मग रसातला सगळा केरकचरा त्या चिकाला धरून वर यायचा आणि काळपट मळी झाऱ्याने काढून टाकायची. रस निवळायचा, त्याचा रंग पिवळसर व्हायचा, बुडबुडे आधी बारीक, मग मोठे आणि जड. एका टप्प्यावर कुणीतरी भांडं पुढे करायचं: ती काकवी. गरम भाकरीबरोबर ती जिने खाल्ली, तिला दुसऱ्या कशाने समाधान होत नाही.

त्यापुढची काही मिनिटं गुळव्याची. तो उकळत्या पाकात काठी बुडवायचा, थेंबभर पाक गार पाण्यात टाकायचा आणि बोटांत धरून बघायचा. गोळी झाली, आणि तिचा नाद बरोबर आला, की ओरडायचा. चार माणसं काहील उचलून वाफ्यात ओतायची. तिथे घोटत घोटत तो पिवळा लोळ घट्ट व्हायचा, साच्यांत भरला जायचा आणि त्याचे रवे पडायचे. कोल्हापूर भागात ढेपेला रवाच म्हणतात. म्हणजे तिथेही कणाचाच शब्द, फक्त कण चांगला मण-अर्धा मणाचा. गुळव्याची नजर चुकली तर रवा धरत नाही, पाघळतो, आणि बाजारात भाव पडतो. एवढं सगळं त्या एका माणसाच्या बोटांवर अवलंबून. चर्चेचं गुऱ्हाळ असा शब्द आपण लांबणाऱ्या बोलण्याला वापरतो, तो रात्र-रात्र चालणाऱ्या या कामावरून; पण ज्यांनी खरं गुऱ्हाळ पाहिलं आहे त्यांना ठाऊक आहे की तिथे फुकट गेलेला असा एक क्षणही नसतो.

गुळापुढे जाऊन दाणा वेगळा काढायचा तर आणखी खटाटोप. दाट राब शांतपणे मुरू द्यायची, तिच्यात दाणे धरले की द्रव भाग निथळू द्यायचा, आणि मागे उरते ती खांड. खांडसरी हा शब्द त्याच धंद्याचा. कारखान्यात तोच निथळण्याचा भाग यंत्र गरगरा फिरवून काही मिनिटांत उरकतात. गुऱ्हाळात ‘मळी’ म्हणजे वर आलेला गाळ, आणि कारखान्यात ‘मळी’ म्हणजे दाणे काढून घेतल्यावर खाली उरलेला काळा पाक. आमच्या मामांची आणि कारखान्यात नोकरीला असलेल्या धाकट्या मामांची मळीवरून गफलत व्हायची, ती यामुळे.

हा दाणा देशाबाहेर गेला तो नावासकट. अलेक्झांडरचा नौदलप्रमुख निआर्कस याने हिंदुस्थानातल्या अशा वेताबद्दल लिहून ठेवलं होतं, जो मधमाश्यांवाचून मध देतो. पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनीला ‘साकारुम’ माहीत आहे, पण औषध म्हणून. इराणात शर्करेचं ‘शकर’ झालं आणि खंडाचं ‘कंद’. अरबांनी ‘सुक्कर’ केलं आणि ऊस, त्याची लागवड, तो आटवण्याची रीत असं सगळंच इजिप्त, सिसिली, स्पेनपर्यंत नेलं. स्पॅनिशमधलं ‘असुकार’ आणि पोर्तुगीजांचं ‘असुकर’ यांच्या आरंभीचा ‘अ’ हा अरबी उपपदाचा उरलेला तुकडा. इटालियन ‘झुक्केरो’, जर्मन ‘त्सुकर’, फ्रेंच ‘स्यूक्र’, रशियन ‘साखर’, स्वाहिली ‘सुकारी’, इंग्रजी ‘शुगर’: सगळी एका आईची लेकरं. त्यातलं रशियन कानाला इतकं आपलं वाटतं की पहिल्यांदा ऐकणारा मराठी माणूस थबकतोच. अलिबाग-रेवदंडा पट्ट्यातली बेने इस्राएल मंडळी, मराठी बोलणारी, गूळखोबऱ्याचा मलिदा करणारी, इस्राएलला गेली तेव्हा तिथे हिब्रूत त्यांना ‘सुकार’ भेटली, आणि नातवंडांच्या गोळ्यांना ‘सुकारिया’.

पूर्वेकडे गूळ गेला. मलय आणि इंडोनेशियाच्या भाषेत साखरेला ‘गुला’ म्हणतात, तो आपला गुड. चीनकडे मात्र शब्दापेक्षा विद्या गेली. तांग सम्राट ताइझोंग याने 647 मध्ये मगधाला माणसं पाठवून साखर करण्याची रीत शिकून घेतली, असं चिनी इतिहासात नोंदलेलं आहे. आणि पुढे अशी वेळ आली की उत्तम पांढरी साखर चीनची म्हणून ‘चीनी’, आणि खडीसाखर मिसरची, म्हणजे इजिप्तची, म्हणून ‘मिश्री’ अशी नावं आपल्याच देशात रूढ झाली. मामी जी दोन नावं घेऊन इंदूरहून आली, ती अशा दोन परदेशांची होती ज्यांनी साखर आपल्याकडूनच शिकलेली. मला यात कमीपणा वाटत नाही. शिकणाऱ्याने शिकवणाऱ्याच्या पुढे जावं, आणि शिकवणाऱ्याने त्याचं नाव आपल्या घरात लावावं, हे चांगलंच झालं.

दक्षिणेत आणखी वेगळी गंमत. तिथे शर्करेचा वंश पुष्कळदा गुळाकडे झुकला. तमिळ घरातलं ‘सर्करै पोंगल’ गुळाचं असतं. मल्याळममधलं ‘चक्कर’ म्हणजे गूळ. मलबार किनाऱ्यावर उतरलेल्या पोर्तुगीजांनी ते ऐकलं, त्याचं ‘जागरा’ केलं, आणि इंग्रजांनी ‘जॅगरी’. म्हणजे इंग्रजी पुस्तकात गुळाला जॅगरी आणि साखरेला शुगर लिहिलेलं असतं तेव्हा एकच शर्करा दोन वाटांनी तिथे पोचलेली असते, एक अरबस्तानातून आणि एक केरळातून.

परतून आलेले शब्दही आपल्या फराळाच्या डब्यातच आहेत. इराणी ‘शकरपारा’, म्हणजे साखरेचा तुकडा, मराठी घरात शिरला आणि शंकरपाळे झाला. बायकांनी कातण्याने चौकोन कापताना त्यात महादेवाला आणून बसवलं. गुलकंदातला ‘गुल’ फारसीतला गुलाब आणि ‘कंद’ म्हणजे इराणला जाऊन आलेला आपला खंड. आजी गावठी गुलाबाच्या पाकळ्या आणि कुटलेली खडीसाखर यांचे थर देऊन बरणी गच्चीवर उन्हात ठेवायची, रोज हलवायची, आणि ऊन उतरलं की आत आणायची. तोच खंड युरोपात जाऊन ‘कँडी’ होऊन आला, आणि आज कोकणातल्या बचत गटांच्या पाकिटांवर ‘आवळा कँडी’ म्हणून छापलेला असतो.

आता मोरस. मॉरिशस बेटाचं नाव गुजराती जिभेवर मोरस झालं आणि तिकडून येणाऱ्या पांढऱ्या साखरेला चिकटलं. त्या बेटावर ऊस तोडायला कोण होतं? गुलामगिरी संपत आली तेव्हा मळेवाल्यांना मजूर हवे होते. 1834 पासून करारावर हिंदुस्थानी माणसं बोटीने नेली जाऊ लागली. बहुतेक बिहार आणि मद्रासकडची; पण मुंबई बंदरातूनही बोटी सुटल्या आणि त्यांत कोकणातली, मराठी बोलणारी कुटुंबं होती. त्यांचे वंशज आजही तिथे आहेत, मराठी म्हणवून घेतात, गणपती बसवतात, आणि गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. रोजच्या बोलण्यात मात्र तिथली क्रेओल. तिच्यात साखरेला ‘दिसिक’ म्हणतात, फ्रेंचमधून आलेलं. आमच्या चाळीतली म्हातारी बाई मोरस म्हणून जी साखर चहात टाकायची, ती तिच्या लहानपणी कदाचित रत्नागिरीकडच्याच कुणाच्या कोयत्याखालच्या उसाची असेल. साखर परत आली. पुष्कळ माणसं परत आली नाहीत. या शब्दाचा उच्चार करताना निदान एवढं तरी आपल्याला माहीत असायला हवं.

बाहेरून येणाऱ्या साखरेबद्दल आजीच्या सासूच्या मनात अढी होती, ती वेगळ्या कारणाने. विलायती साखर हाडांच्या कोळशातून गाळून पांढरी करतात, म्हणून ती नैवेद्याला चालत नसे. 1905 च्या स्वदेशीच्या चळवळीत विलायती कापडाबरोबर विलायती साखरेवरही बहिष्कार पडला, आणि सोवळं आणि स्वदेशी अशी दोन्ही कारणं तिच्या घरात एकत्र नांदली. देवाला गूळ किंवा देशी खांड. त्यानंतरही कित्येक वर्षं साखर जावाहून येत राहिली, म्हणजे जिथे तिला ‘गुला’ म्हणत तिथूनच. 1932 मध्ये सरकारने देशी साखर उद्योगाला जकातीचं संरक्षण दिलं, तेव्हा कारखाने भराभर उभे राहिले.

आणि मग आमच्या आईवडिलांच्या उमेदीच्या काळात प्रवरेकाठचा तो कारखाना. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी लोणीला शेतकऱ्यांच्या मालकीचा साखर कारखाना उभा केला, 1950 च्या सुमाराला त्याचं गाळप सुरू झालं. त्यापुढचा इतिहास, त्यातलं राजकारण, सगळं सगळ्यांना ठाऊक आहे. मी इथे घरापुरतं बोलते. घरात याचा अर्थ असा झाला की नगरकडच्या एका मावशीचे यजमान सभासद होते, आणि दिवाळीआधी सभासदाला सवलतीच्या दराने मिळणारी साखर त्यांच्याकडे यायची. त्यातली थोडी आमच्याकडे एसटीने यायची. मुंबईच्या रेशनची साखर बारीक, कधी पिवळट, कधी ओलसर. ही मात्र टपोरी. वडील दाणा तळहातावर घेऊन खिडकीशी धरून बघायचे. व्यापारी तिला आकारावरून आणि रंगावरून एस तीस, एम तीस म्हणतात हे मला पुढे कळलं. साखर संपली की तागाचं पोतं धुऊन, उसवून, पायपुसणं व्हायचं. आतली पातळ कापडी पिशवी असली तर तिची चक्का बांधायची फडकी.

साखर घरात मुबलक झाली आणि संक्रांतीचा हलवा घरी करणं परवडू लागलं. ते काम मी शेवटचं पाहिलं ते मोठ्या वहिनीच्या पहिल्या संक्रांतीला. पौषातली पहाट, बाहेर अजून अंधार. शेगडीत मंद निखारे, त्यावर पितळी परात, परातीत मूठभर तीळ आणि थोडी खसखस. पाकाला दुधाचा हबका देऊन मळ काढलेला, गाळून पाण्यासारखा स्वच्छ केलेला. आई परातीवर अर्धा चमचा पाक सोडायची आणि लगेच बोटांच्या अग्रांनी तीळ गोल गोल फिरवायला लागायची. ओले तीळ आधी एकमेकांना चिकटायचे, मग सुटायचे, मग कोरडे होऊन परातीवर खुळखुळू लागायचे. मग पुन्हा अर्धा चमचा. घाई केली, चमचा भरून पाक टाकला, तर सगळ्याचा गोळा. आच वाढली तर दाणा पिवळा. बोटं भाजायची, ती थंड पाण्यात बुडवून पुसून पुन्हा परातीत. असं दोन-तीन पहाटा चाललं की तिळावर पांढरा काटा उभा राहायचा, बारीक, टोकदार, हाताला टोचणारा. त्यात मोठ्या आवडीचे होते ते साबुदाण्यावर धरलेले, कारण ते मोत्यासारखे दिसायचे आणि वहिनीच्या हाराला ओवायचे.

शर्करा म्हणजे खडा, हे त्या परातीत दिसत होतं. पाकातली साखर पुन्हा दाणा धरते, आणि तो दाणा काट्यासारखा वाढतो. शब्द ज्याने दिला, त्याने असंच काहीतरी निरखून पाहिलं असणार.

सुखाच्या सगळ्या ठिकाणी आपल्या भाषेने साखर पेरून ठेवली आहे. लग्न ठरलं की साखरपुडा. नातू झाला की हत्तीवरून साखर वाटायची भाषा. चांगली बातमी आणणाऱ्याच्या तोंडात साखर पडो. पाडव्याच्या गुढीला साखरेची गाठी. आणि पहाटेच्या त्या शेवटच्या झोपेला साखरझोप. याच्या तोडीचा शब्द दुसऱ्या कुठल्या भाषेत आहे का, मला माहीत असलेल्यांत तरी नाही. दुर्मीळ आणि मोजून मिळणारी वस्तू होती म्हणून हे सगळं तिच्या वाट्याला आलं. रोज चार चमचे मिळणाऱ्या गोष्टीचं नाव कुणी झोपेला देत नाही.

आता वळण वेगळं आहे. आमच्या पिढीची मंडळी साठी-सत्तरीला आली आणि बैठकीत चहा आला की एकमेकांना सांगतात, “मला नको, मला शुगर आहे.” मराठीत साखर डब्यात राहिली आणि शुगर रक्तात गेली. सख्ख्या बहिणी, एक इथेच राहिलेली आणि एक अरबस्तान-युरोप फिरून आलेली. जी परतली ती दुखणं होऊन परतली. आजोबांच्या काळी याला मधुमेह म्हणत आणि त्यांच्या खिशात सॅकरीनच्या गोळ्यांची बाटली असे. 1879 मध्ये अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत सापडलेल्या त्या पदार्थाचं नावही शर्करेच्याच लॅटिन रूपावरून ठेवलेलं.

आणि फडताळ? माझ्या सुनेच्या स्वयंपाकघरात एक साखरेची बरणी आहे. गूळ आहे, पण पावडरीचा. खडीसाखर सत्यनारायणापुरती येते. तिला दोष द्यायचा नाही. ती कामावरून येऊन स्वयंपाक करते आणि गोड कमी खाणं शहाणपणाचंच आहे. पण वस्तू गेली की तिचं नाव जातं, आणि नाव गेलं की दोन वस्तूंतला फरक ओळखणारी नजरही जाते. आज कुणी मला राब, काकवी, खांड, बुरा यांत काय फरक असं विचारलं, तर सांगू शकणारी घरात आता मी एकटीच आहे. आत्या गेली, काकू गेली. मामी आहे, नव्वदीला टेकली आहे, आणि अजून शक्करच म्हणते.

म्हणून वाचणाऱ्यांना एक विनंती. तुमच्या घरात अशी कुणी म्हातारी बाई असेल, मग ती बेळगावची असो, बडोद्याची, तंजावरची किंवा सावंतवाडीची, तर तिला या दिवाळीत एवढंच विचारा, की तुमच्या माहेरी साखरेला काय म्हणायचे, गुळाला काय म्हणायचे, आणि कुठल्या पदार्थाला कुठली वापरायचे. ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत वहीत उतरवून ठेवा, आणि गावाचं नाव लिहायला विसरू नका.